जिनं घातलं, तिनंच उतरवायचं

न्हावऱ्यात हृतिकच्या गोठ्यासारखा दुसरा गोठा नव्हता, आणि हे कुणी सांगायची गरज नव्हती, तो स्वतःच सांगायचा. सात विलायती एचएफ गायी, खाली रबराच्या मॅट, वर पंखे, धारा काढायला मशीन. पण त्याचा खरा अभिमान वेगळाच होता. गावचा वळू त्याच्या गोठ्याचं फाटक ओलांडून कधी आत आला नव्हता. शेजारचा कुणी म्हणाला, "आरं, डॉक्टरला कशाला बलावतुस, आमचा खोंड हाय की फुकट," तर हृतिक हात जोडायचा. "नको आप्पा. त्यो कुठं कुठं जाऊन येतुय आन् कुठला रोग घिऊन येतुय. एकदा का गायीच्या पिशवीत घाण गेली, का ती उलटतच ऱ्हाती." गाय उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, की तो दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचा, पिशवी धुऊन घ्यायचा, औषध शेवटच्या थेंबापर्यंत पाजायचा. डॉक्टरचा हातमोजा नवा आहे ना, हेसुद्धा विचारून घ्यायचा. गायींच्या बाबतीत माणूस इतका सोवळा की बघत राहावं.

आणि हाच माणूस दर आठवड्याला पशुखाद्य आणायला म्हणून शिक्रापूरला जायचा आणि हायवेच्या कडेच्या एका लॉजवर दुपार घालवून यायचा. पशुखाद्य न्हावऱ्यातही मिळत होतं. घरात हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्याच्या बायकोला, ज्ञानेश्वरीला मात्र कुणी न सांगता कळलं. तिला ते अंगावर कळलं.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. मूल नव्हतं. अंगावरून पांढरं जायचं, लघवीला आग व्हायची, ओटीपोट आतून धरून ठेवल्यासारखं दुखायचं. सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, निदान केलं होतं, उष्णता. त्यांच्या मते बाईच्या जातीला होतं ते सगळं उष्णतेनंच होतं. मग सब्जा झाला, गुलकंद झाला, धण्याजिऱ्याचं पाणी झालं. दुखणं तिथंच. शेवटी ज्ञानेश्वरी माहेरी जाते म्हणून दौंडला गेली. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. आईलासुद्धा न सांगता ती सरकारी दवाखान्यात गेली आणि केसपेपर काढून बायकांच्या रांगेत बसली. शिरूरच्या दवाखान्यात गेली असती तर ती घरी पोचायच्या आधी बातमी न्हावऱ्यात पोचली असती.

तपासणी झाल्यावर तिला ज्या खोलीत पाठवलं, तिच्या दारावर 'सुरक्षा क्लिनिक' असं लिहिलं होतं. आत रेचल सिस्टर होत्या. बाई दौंडच्याच, जुन्या चर्चजवळ राहणाऱ्या, मनानं चांगल्या, पण आवाज असा की खोलीतलं गुपित बाहेरच्या बाकापर्यंत जायचं.

"हे बघ, हा रोग उष्णतेनं होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "हा संबंधातून लागतो. नवरा बाहेर जातो?"

ज्ञानेश्वरीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सिस्टरना तेवढं उत्तर पुरलं. त्यांनी रक्तही तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही हे नशीब. मग गोळ्यांची दोन पाकिटं तिच्यापुढं ठेवली. एक तिचं, एक त्याचं.

"दोघांनी एकाच दिवशी घ्यायच्या, एकदाच, सगळ्या. त्यानंतर आठवडाभर जवळ यायचं नाही. त्याला काही त्रास नसला तरी घ्यायच्या. पुरुषाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही, म्हणून तो निरोगी असतो असं नाही. तू एकटीनं घेतल्यास तर तो परत देणार, तू परत येणार. आणि असं सारखं होत राहिलं ना, तर आत नळ्या चिकटतात. मग मूल राहत नाही. कळलं? आणि बाहेर जाणं सुटत नसेल तर हे वापरायला सांग." त्यांनी निरोधची पाकिटंही पुढं सरकवली.

मूल राहत नाही, एवढेच शब्द घेऊन ती न्हावऱ्याला परत आली. बाकी सगळं तिला सोसता आलं असतं.

हृतिक खाटेवर मोबाइल बघत पडला होता. तिनं दार लोटलं, पाकीट त्याच्यापुढं ठेवलं आणि सिस्टरनी सांगितलं तसंच, शब्दही न बदलता सांगितलं. शिक्रापूरचं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तरी काही बिघडलं नसतं, कारण न घेताही त्यानं ते ऐकलंच.

"मला काय झालंय? मी ठणठणीत हाय. रोग तुला आन् गोळ्या म्या खाऊ व्हय?"

"अवो, दोघांनी घ्यायच्या असत्यात. गाय उलटली का तुम्ही बी तर सगळा कोर्स..."

"गायीचं निराळं."

"काय निराळं?"

"गाय लाखाची हाय," हृतिक म्हणाला, आणि पाकीट उचलून बाहेर गेला. शेणाच्या टाकीत काहीतरी पडल्याचा आवाज तिनं आतूनच ऐकला.

तिनं आपल्या गोळ्या घेतल्या. आठवडाभर लांब राहायचं होतं, पण लांब राहणं बाईच्या हातात असतं असं सिस्टरना वाटत असावं. चौथ्या दिवशीच ते मोडलं. महिन्याभरात आग परत आली, दुखणं परत आलं. ती पुन्हा दौंडला गेली आणि रेचल सिस्टरनी तिला सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं झापलं. "अगं, मी काय भिंतीशी बोलत होते का? ही दोन पाकिटं शेवटची. आता नवऱ्याला घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस." त्यांचंही खोटं नव्हतं. पण जिला नवऱ्याच्या गळी गोळ्या उतरवता येत नाहीत, तिला नवरा कसा आणता येणार, हे त्यांना कुणी विचारायचं?

एसटीत बसल्यावर तिला गोठ्यातली रीत आठवली. गाय कडू गोळी थुंकते. मग हृतिक काय करायचा, गोळी कुटायचा, गूळ आणि शिळी भाकरी एकत्र कालवून लाडू करायचा आणि आत गोळी घालून तो गायीच्या तोंडात सारायचा. गाय मिटक्या मारत खायची. नवरा गायीपेक्षा शहाणा आहे असं मानायला ज्ञानेश्वरीला आता काही कारण उरलं नव्हतं. तिनं ठरवलं, संध्याकाळी कारल्याची भाजी करायची. कडूत कडू कळणार नाही.

दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं दार लावलं आणि हृतिकच्या वाटच्या गोळ्या खलबत्त्यात कुटायला घेतल्या. पूड अगदी पिठासारखी झाली होती. तेवढ्यात मागच्या दारानं वच्छलाबाई आल्या. मूल नसलेली सून, घरात न टिकणारा नवरा, भर दुपारी लावलेलं दार आणि खलबत्त्यात पांढरी पूड. वच्छलाबाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला.

"काय गं हे? कुणाच्या पोटात घालतीस?"

आणि ज्ञानेश्वरीच्या तोंडून, विचार करायच्या आधीच, निघून गेलं, "त्यांच्या."

झालं. वच्छलाबाईंनी पूड लाल फडक्यात बांधली, देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात ठेवली आणि गोठ्याकडं तोंड करून हाक मारली, "हृतिक! तुझ्या बापाला बलाव. हिनं करणी केलीया."

संध्याकाळी सासऱ्यांनी, हौशीराम आबांनी, दार आतून लावून घेतलं. "आता जादूटोण्याचा कायदा हाय. ह्यातला एक सबूद भायेर गेला तर समदी आत जाऊ," असं बजावलं आणि मग कायद्याच्या विरुद्ध जे करायचं ते करायला भैरू देवऋषीला मागच्या दारानं आत घेतलं. भैरू दिवसा ट्रॅक्टरची पंक्चर काढायचा. हाताचं काळं ग्रीस तसंच होतं, त्यावरच त्यानं भंडारा घेतला. पाटावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट.

"बेलभंडारा उचल आन् खंडोबाला साक्ष ठिवून सांग, पोराच्या खाण्यात काय घालत व्हतीस," भैरू म्हणाला. "कबूल केलंस तर उतारा सोपा हाय. जिनं घातलं, तिनंच आपल्या हातानं उतरवायचं. कडूलिंबाचा रस करायचा, म्या अंगारा दीन, तिनं पाजायचा, त्यानं शेवटच्या थेंबापतुर प्यायचा. थेंब ऱ्हायला तर करणी तशीच बसती. पर आधी कबुली."

ज्ञानेश्वरीनं हृतिककडं पाहिलं. या खोलीत तिच्याशिवाय एकच माणूस असा होता की ज्याला ती पूड कसली असणार हे माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर सगळं मिटलं असतं.

"अवो, सांगा की त्यांना. दौंडवरनं आणलेल्या गोळ्या हायेत त्या. तसल्याच तुम्हाला आधी बी दाखवल्या व्हत्या."

सगळ्यांनी हृतिककडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याचं नख बघत होता. "मला काय ठाऊक," तो म्हणाला. "हिचं कायतरी दौंडचं."

मग ती बोलली. इतकी वर्षं न बोललेलं एका दमात बोलली. औषध आहे, रोगाचं आहे, रोग शिक्रापूरवरून आलाय, दोघांनी घेतलं नाही तर मला मूल राहणार नाही. आबांनी जमिनीवर हात आपटला.

"गप! माझ्या पोराला रोग? त्यो तर ठणठणीत हाय. रोग तुझ्या अंगात, आसं तूच म्हणतीस. मंग भायेरून आणला कुणी, आं?"

इकडे आड, तिकडे विहीर. करणी म्हणावी तर चेटकीण, औषध म्हणावं तर छिनाल. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो नखातला मळ काढत होता. तिला त्या क्षणी त्याचा इतका संताप आला की हातात खलबत्त्यातला बत्ता असता तर तिनं तो फेकला असता.

वच्छलाबाईंनी तिला दंडाला धरून गोठ्यात नेलं. गायी रवंथ करत होत्या, पंखे फिरत होते. आता मार पडणार असं ज्ञानेश्वरीला वाटलं. पण सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हन का करणी केली म्हून."

"आत्याबाई, म्या न्हाई केली."

"ठाऊक हाय मला. तवा बी म्हन. करणी उतरवता येती. चार दिस लोक बोलत्यात, मंग इसरत्यात. ह्या रोगाचं नाव निघालं तर तुला दौंडला धाडत्याल आन् ह्याला दुसरी आणत्याल. घरात ऱ्हायचंय ना तुला?"

"तुम्हाला ठाऊक हाय? मंग मघाशी..."

वच्छलाबाईंनी गव्हाणीतला कडबा उगाच सारखा केला. "माझी पिशवी काढली तवा मी अठ्ठावीस वर्सांची व्हते. आसंच जात व्हतं अंगावरून. डाक्टरनं तुझ्या सासऱ्यास्नी बी बलावलं व्हतं, तपासायला. ते काय आले न्हाईत."

"मंग तुम्हाला समदं ठाऊक आसून..."

"ठाऊक आसून काय करायचं आसतं, ते तू मला सांग," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. ज्ञानेश्वरीला सासूबाईंची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचीच चीड आली. याच बाईनं दुपारी करणी म्हणून हाक मारली होती.

ती गव्हाणीला टेकून उभी राहिली. भैरूचं बोलणं तिच्या डोक्यात फिरत होतं. तिनं आपल्या हातानं पाजायचं. त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचं. रस कडू. ती एकदम सरळ झाली.

"म्हणते," ती म्हणाली. सून शहाणी झाली असं वच्छलाबाईंना वाटलं.

तिनं बेलभंडारा उचलला. तिचे वडील दर सोमवती अमावास्येला जेजुरीला जायचे, लहानपणी तिनं त्यांच्या खांद्यावरून भंडारा उधळला होता. त्याच देवाची खोटी शपथ तिच्या तोंडून गेली, "केली. म्या करणी केली." देवानं काय मानायचं ते मानावं. ज्यांना खरं ऐकायचं नाही त्यांच्यापुढं खोटं बोललं तर पाप कुणाचं, हे त्यानंच ठरवावं.

उतारा दोन दिवसांनी, अमावास्येला ठरला. लाल फडक्यातली पुडी कोनाड्यातच होती. तिच्यावर पहारा ठेवायची कुणाला गरज वाटली नाही, कारण करणीला हात कोण लावणार? ज्ञानेश्वरीनं लावला. पूड काढून घेतली आणि फडक्यात तांदळाचं पीठ बांधून ठेवलं. अमावास्येच्या दुपारी तिनं गोठ्यातल्या नळाच्या पाण्याबरोबर आधी आपल्या गोळ्या गिळल्या. मग कडूलिंबाचा पाला वाटला, फुलपात्रात रस गाळला आणि त्यात पूड ढवळली.

भैरूनं दिवस मावळायच्या आत होम मांडला. लाल पुडी निखाऱ्यावर टाकली. पीठ जळलं, खमंग वास सुटला. "बघा, करणीचा वास," भैरू म्हणाला, आणि आबांनी नाकाला उपरणं लावलं. तव्यावरचं पीठ जळल्याचा वास त्यांनी आयुष्यभर घेतला होता, पण त्या घडीला कुणालाच तो ओळखू आला नाही. भैरूनं रसात अंगाऱ्याची चिमूट टाकली आणि फुलपात्र तिच्या हातात दिलं.

तिनं ते हृतिकच्या तोंडाला लावलं. तो डोळे मिटून प्यायला. मध्येच त्याला उमासा आला. "थेंब ऱ्हाता कामा न्हाई," भैरू ओरडला. हृतिकनं परत तोंड लावलं, सगळं संपवलं, वर फुलपात्रात बोट फिरवून ते चाटलं. बायकोनं पुढं ठेवलेल्या गोळ्या ज्यानं शेणात टाकल्या, त्यानं तिच्या करणीच्या भीतीनं तसल्याच गोळ्या बोटानं निपटून खाल्ल्या. ज्ञानेश्वरीला मोठ्यानं हसावंसं वाटलं. मग हृतिकनं डोळे उघडले आणि तिच्याकडं पाहिलं, आणि तिचं हसू घशातच मेलं. तो तिला खरंच भ्याला होता. पूड कसली होती हे ठाऊक असलेला माणूस! पण चारचौघांत एकदा खोटं बोललं की बोलणाऱ्यालाच ते खरं वाटायला लागतं, तसं त्याचं झालं होतं.

दार आतून लावलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी गावाला सगळं माहीत होतं. चार दिवसांत लोक विसरतात असं सासूबाई म्हणाल्या होत्या. लोक विसरले नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. ती रस्त्यानं निघाली की बाया पोरं आत घ्यायच्या. तिच्या हातचं घरात कुणी खाईना, चूल वच्छलाबाईंनी स्वतःकडं घेतली. हृतिकनं तिला धारा काढायला बंदी केली, गायींचं दूध आटेल म्हणून. आई दौंडहून आली, रडली आणि जाताना लेकीनं दिलेल्या चहाचा कप तसाच भरलेला ठेवून गेली. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

महिन्याभरानं हृतिक एका संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. शिक्रापूरला जाणं बंद झालं नव्हतं, त्या दिवशी दुपारीच जाऊन आला होता. तिनं फडताळातून निरोधचं पाकीट काढलं आणि खाटेवर ठेवलं. "ह्याच्याबिगर न्हाई. आन् मूल पायजे आसंल तर आधी दौंडला चला, तपासून घ्या." त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मिटलं. वाद घातला नाही, पाकीट फेकलं नाही. दौंडला मात्र तो आला नाही. तेवढी भीती अजून त्याला बसली नव्हती.

आणखी दोन-तीन महिन्यांनी तपासणीसाठी ती परत दौंडला गेली. रेचल सिस्टरनी कागद बघितला आणि त्या खूश झाल्या. "अगदी साफ आहे. सूज गेली, नळ्या वाचल्या. नवऱ्यानं घेतलं ना औषध? आणि निरोध?"

"वापरत्यात."

"बघ! सांगितलं की ऐकतात पुरुष. समजूतदार आहे तुझा नवरा. बाहेर ती नवी पोरगी बसलीय ना, तिचा नवरा काही केल्या ऐकत नाही. जाता जाता तिला सांग, तू कसं समजावलंस ते."

बाहेर बाकावर विशीच्या आतली एक मुलगी बसली होती. लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात होता आणि मांडीवरच्या पिशवीत तीच दोन पाकिटं. ज्ञानेश्वरी तिच्याजवळ बसली. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी तिच्या इतक्या जवळ बसलं नव्हतं. सिस्टरचा आवाज बाकापर्यंत आलाच होता, त्यामुळं मुलीनंच विचारलं, "ताई, तुमच्या मालकांनी कसं ऐकलं हो?"

समजावून सांगितलं, असं म्हणायला तिला काही लागलं नसतं. सिस्टरला बरं वाटलं असतं, मुलगी आशेनं घरी गेली असती आणि नवऱ्यापुढं पाकीट ठेवलं असतं. पुढचं ज्ञानेश्वरीला पाठ होतं.

"सांगून न्हाई ऐकलं गं," ती म्हणाली. "भ्याले, तवा ऐकलं."

"कशाला भ्याले?"

"मला."

मुलीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग पिशवी छातीशी धरली आणि बाकावर हातभर पलीकडं सरकून बसली.